तुमचा डेटाबेस क्लस्टर आतून कसा असतो

नवे ग्राहक विचारतात, ‘आमचा डेटाबेस कोणत्या सर्व्हरवर आहे?’ तो एका सर्व्हरवर नसतो. क्लस्टर म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरचा गट. त्यात साधारणपणे तीन नोड, म्हणजे सर्व्हर, असतात आणि तिन्हींकडे तोच डेटा असतो. त्यातला एक प्रायमरी. नवी नोंद, बदल, डिलीट, सगळं आधी त्याच्याकडे जातं. बाकीचे दोन रेप्लिका. ते प्रायमरीवरचे बदल आपल्याकडे उतरवत राहतात आणि वाचण्याचा भार उचलतात. तिघांना आम्ही वेगवेगळ्या झोनमध्ये, म्हणजे एकमेकांपासून वेगळ्या डेटा सेंटरमध्ये, ठेवतो. प्रत्येक झोनची वीज आणि कूलिंग स्वतंत्र असते.

तीनच का? प्रायमरी बंद पडला की नवा निवडायला बहुमत लागतं. नोड दोनच असतील आणि मधलं नेटवर्क तुटलं, तर समोरचा खरंच बंद आहे की फक्त दिसत नाही, हे एकालाही कळत नाही. दोघेही लिहून घेऊ लागले तर एकाच डेटाच्या दोन आवृत्त्या होतात आणि त्या पुन्हा जुळवणं फार जिकिरीचं असतं. तिघांत दोघांचं बहुमत होतं, म्हणून एक गेला तरी काम चालतं. पाचांत दोन गेले तरी चालतं. चार घेतले तर बहुमताला तीन लागतात, म्हणजे तेव्हाही एकच गमावता येतो. म्हणून चौथा नोड मागितलात तर आम्ही आधी कारण विचारू.

सगळ्या सेवांची रचना अशीच नसते. ॲमेझॉनच्या ऑरोरा या डेटाबेस सेवेत स्टोरेजच वेगळं आहे: 3 झोनमध्ये डेटाच्या 6 प्रती, आणि त्यातल्या 4 ठिकाणी पोहोचलं की लिहिणं पक्कं धरतात.

तुम्हाला दोन पत्ते मिळतील, एक लिहिण्याचा आणि एक फक्त वाचण्याचा. ॲपमध्ये हेच टाका, आयपी (एखाद्या सर्व्हरचा आकडी पत्ता) कधीही नको. प्रायमरी बदलला की तोच पत्ता नव्या नोडकडे वळतो. चालू कनेक्शन मात्र तुटतात, म्हणून पुन्हा जोडण्याची सोय तुमच्या कोडमध्ये हवी. जुना आयपी लक्षात धरून बसणारे ॲप आम्हाला वारंवार दिसतात. त्यांच्या दृष्टीने डेटाबेस बंदच असतो. रेप्लिका क्षणभर मागे असू शकते, तेव्हा नुकतीच सेव्ह केलेली नोंद लगेच दाखवायची असेल तर ती प्रायमरीकडूनच वाचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे. कोणत्या नोंदी काढायच्या ही अट न लिहिता डिलीट चालवलंत, तर ते क्षणार्धात तिन्हीकडे पोहोचतं. तिथे कामाला येतात स्नॅपशॉट (एका क्षणी काढून ठेवलेली डेटाची प्रत) आणि बदलांचे लॉग (प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद). हे वापरून राखीव मुदतीतल्या (बॅकअप जितके दिवस जपून ठेवतात त्या काळातल्या) हव्या त्या क्षणापर्यंतचा डेटा परत उभा करता येतो, तोही वेगळ्या नव्या क्लस्टरवर, चालू डेटाला हात न लावता. त्यासाठी तो क्षण नेमका ठाऊक हवा. अशी चूक झाली तर लगेच घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा, ॲपचं लिहिणं थांबवा, आणि स्वतः दुरुस्ती सुरू करण्याआधी आम्हाला फोन करा.