पन्नाशीचं विमान आणि त्याच्या वह्या

मे १९३०. इजिप्तमधल्या अबूकीरच्या धावपट्टीवर अस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा अडकून पडला होता. इंग्लंड ते हिंदुस्थान हे अंतर एकट्यानं विमान चालवत जो भारतीय आधी कापेल त्याला आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. कुठल्या टोकाकडून निघायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं. अस्पी इंग्लंडहून निघाला होता. कराचीहून निघालेले जे. आर. डी. टाटा अबूकीरला उतरले तेव्हा त्यांना कळलं, की पोराचे स्पार्क प्लग गेलेत आणि त्याच्याकडे जादाचे नाहीत. जेआरडींनी आपल्याजवळचे काढून दिले. शर्यत अस्पीनं जिंकली. पुढे तो भारतीय हवाई दलाचा प्रमुखही झाला.

ही गोष्ट नेहमी खिलाडूपणाचा नमुना म्हणून सांगितली जाते, आणि ते बरोबरच आहे. पण छोट्या विमानाच्या मालकाला त्यात दुसरंच काही दिसेल. इंजिन ठणठणीत, पंख शाबूत, हवा चांगली, आणि मुठीत मावेल एवढ्या वस्तूवाचून विमान जमिनीवर. स्वतःचं विमान बाळगणाऱ्याची रडकथा तेव्हापासून फारशी बदललेली नाही. बदललं ते एवढंच, की आज तो प्लग कोणी बसवला, कधी बसवला आणि बसवायचा अधिकार त्याला होता का, हे वहीत लिहावं लागतं.

दोघांचीही विमानं जिप्सी मॉथ होती. या मॉथ घराण्यातलं पहिलं विमान जेफ्री डी हॅविलँड यांनी फेब्रुवारी १९२५ मध्ये लंडनजवळच्या स्टॅग लेनवरून उडवलं. स्वस्त इंजिन मिळेना, म्हणून पहिल्या महायुद्धातून उरलेल्या आठ सिलिंडरच्या इंजिनाचा सांगाडा धरून त्याचं अर्धं, चार सिलिंडरचं इंजिन बनवलं गेलं. पंख मागे दुमडता येत, त्यामुळे विमान मोटारीच्या गॅरेजसारख्या जागेत मावे. हँगरचं भाडं हा खर्च तेव्हाही डोक्यात होता, हे यातून दिसतं. ब्रिटिश सरकारनं हौशी क्लबांना पैसे दिले आणि मॉथ साम्राज्यभर पसरलं. १९२८ मध्ये जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जेआरडींना हिंदुस्थानात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी कराचीहून जुहूला टपाल आणलं ते पस मॉथमधून. तेही मुळात खाजगी मालकांसाठी बनवलेलंच विमान होतं. आपल्याकडची विमानसेवा सुरू झाली ती अशी हौशी माणसांच्या यंत्रावर.

मात्र छोटं विमान घरोघरी नेण्याचा खरा प्रयत्न अमेरिकेनं केला. पेन्सिल्व्हेनियातल्या लॉक हेवनच्या पायपर कारखान्यातून १९३८ ते १९४७ दरम्यान पिवळी जे-३ कब विमानं वीस हजारांच्या घरात बाहेर पडली. बहुतेकांचं इंजिन ६५ अश्वशक्तीचं. बॅटरी नाही, स्टार्टर नाही; पंखा हातानं फिरवून इंजिन सुरू करायचं. इंधन किती उरलंय हे दाखवायला टाकीत बुचाचा एक तुकडा तरंगत असे आणि त्याला लावलेली तार टाकीच्या झाकणातून वर आलेली दिसे. तार खाली गेली की उतरा! एवढ्या सुटसुटीत यंत्राला बिघडायलाही फार काही नव्हतं.

दुसरं महायुद्ध संपलं, लाखो सैनिक घरी आले, सरकार त्यांच्या शिक्षणाचा खर्च देत होतं आणि त्यात विमान शिकणंही बसत होतं. १९४६ या एका वर्षात अमेरिकेत तीस हजारांहून जास्त छोटी विमानं बनली. पुढच्याच वर्षी बाजार कोसळला. बरेच कारखाने मिटले. जे टिकले त्यांत सेसना होती, आणि तिनं १९५६ च्या मॉडेल म्हणून विकायला काढलेली चार आसनी सेसना १७२ हीच आजवर सर्वांत जास्त बनलेली विमानाची जात. ४४ हजारांच्या वर. सुरुवातीची किंमत ८,९९५ डॉलर होती.

हे विमान किती सोसतं याचा अंदाज दोन माणसांनी करून दिला. ४ डिसेंबर १९५८ ला रॉबर्ट टिम आणि जॉन कुक लास व्हेगासहून एका हॉटेलच्या जाहिरातीसाठी सेसना १७२ घेऊन उडाले आणि ७ फेब्रुवारी १९५९ ला उतरले. ६४ दिवस २२ तास १९ मिनिटं. वाळवंटातल्या सरळ रस्त्यावर खाली ट्रक धावायचा, वर विमान, आणि नळी ओढून घेऊन पेट्रोल भरायचं. ऑइल बदलायची सोयही उडतानाच. जनित्र मध्येच बंद पडलं. शेवटी सिलिंडरमध्ये कार्बन इतका साचला, की टाक्या भरल्या की विमानाला वर चढवेना. ते विमान आज लास व्हेगासच्या विमानतळावर छताला टांगलेलं आहे.

आता मुद्द्याकडे. मोटार पंधरा-वीस वर्षांत भंगारात जाते. मग १९७२ चं विमान आजही का उडतं? कारण कायद्याच्या लेखी विमानाला वयच नसतं. अमेरिकेत दर बारा महिन्यांनी विमान उघडून तपासावं लागतं, आणि खास अधिकार असलेल्या मेकॅनिकनं सही केली तरच ते उडण्यालायक ठरतं. भाड्यानं चालवलं तर दर १०० तासांनी तपासणी. सांगाडा, इंजिन आणि पंखा यांच्या वह्या वेगळ्या. एखाद्या जातीच्या विमानात धोका आढळला की सरकार दुरुस्तीचा हुकूम काढतं, आणि तो पाळल्याची नोंदही वहीत लागते. मालकाला स्वतः करता येण्याजोगी कामं यादी करून दिलेली आहेत: ऑइल बदलणं, टायर बदलणं, प्लग साफ करणं, उतरतानाचा दिवा बदलणं. एवढं केलं तरी तारीख आणि सही हवीच.

त्यामुळे जुनं विमान विकत घेणारा शहाणा माणूस आधी वह्या मागतो, रंग नंतर बघतो. वही हरवली असेल तर किंमत पडते. त्यातही वर्षं आणि तास यांची गंमत आहे. १७२ मध्ये नेहमी असणाऱ्या लायकमिंग कंपनीच्या इंजिनांना साधारण २,००० तासांनी किंवा बारा वर्षांनी ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्ती, करावं असं कंपनी सांगते. खाजगी मालकावर अमेरिकेत त्याची सक्ती नाही. पण वापर कमी असलेलं इंजिन चांगलंच असेल असं नाही. या इंजिनांत कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, वरच्या बाजूला असतो. विमान महिनोन् महिने उभं राहिलं की तेल खाली ओघळतं, वर दमट हवा राहते आणि कॅम गंजू लागतो. रोज उडणारं क्लबचं विमान अशा ‘कमी वापरलेल्या’पेक्षा पुष्कळदा धट्टंकट्टं निघतं.

अर्थात तासही सोडत नाहीत. ४ एप्रिल २०१८ रोजी फ्लोरिडातल्या डेटोना बीचला वैमानिकाच्या परीक्षेच्या उड्डाणात एका पायपर विमानाचा पंख निखळला आणि दोघं गेले. विमान २००७ चं, म्हणजे या जगात पोरसवदाच, पण साडेसात हजारांहून जास्त तास उडालेलं. पंखाच्या मुख्य तुळईला बोल्टच्या भोकाशी धातूच्या थकव्याची भेग गेली होती. त्यानंतर त्या घराण्यातल्या हजारो विमानांची ती भोकं विद्युत्प्रवाहाच्या चाचणीनं तपासायचा हुकूम निघाला.

विमानं मरत नाहीत, याचा फटका सर्वांत आधी बसला तो ती बनवणाऱ्यांनाच. १९७८ मध्ये अमेरिकी कंपन्यांनी १७,८११ छोटी विमानं विकली. १९९४ मध्ये ९२८. सेसनानं १९८६ मध्ये एक इंजिनाची पिस्टन विमानं बनवणंच थांबवलं, पायपर १९९१ मध्ये दिवाळखोरीत गेली. कंपन्यांनी बोट दाखवलं ते खटल्यांकडे. वीस-तीस वर्षांपूर्वीचं विमान पडलं तरी नुकसानभरपाई कारखान्याकडे मागता येई. न्यू मेक्सिकोतल्या १९८३ च्या एका प्रकरणात वैमानिक पुढच्या आसनावर कॅमेरा बांधून मागे बसून उडत होता, धावपट्टी बंद करायला आडव्या लावलेल्या व्हॅनवर विमान आदळलं, आणि ज्यूरीनं पायपरलाही जबाबदार धरलं. खटला अपिलांत वर्षानुवर्षं रेंगाळला. १७ ऑगस्ट १९९४ ला क्लिंटन यांनी नव्या कायद्यावर सही केली: अठरा वर्षांनंतर बहुतेक प्रकरणांत विमान बनवणाऱ्यावर दावा नाही. सेसनानं कॅन्ससमधल्या इंडिपेन्डन्स गावी कारखाना काढून १७२ पुन्हा सुरू केलं.

मला मात्र सगळा दोष वकिलांवर ढकलणं पटत नाही. व्याजदर चढले होते हे एक. त्याहून मोठं कारण म्हणजे कंपन्यांनी आधीच विकून ठेवलेली, सही झाली की उडणारी ती हजारो विमानं. नव्याच्या किमतीच्या लहानशा हिश्शात जुनं मिळत असेल तर नवं कोण घेणार?

म्हणून मग खर्च विमानावरून आतल्या सामानाकडे सरकला. सुट्या भागालाही कागद लागतो. जुन्या सेसनांवर फोर्डचा अल्टरनेटर (वीज बनवणारं यंत्र) असे, पण मोटारीच्या दुकानातला आणून लावता येत नाही, मंजुरीची कागदपत्रं असलेलाच हवा. अपघातात आपोआप संदेश सोडणारा बीकन १२१.५ मेगाहर्ट्झवर बोलत असे. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी ती वारंवारता ऐकणं थांबवलं, आता ४०६. १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेतल्या गजबजलेल्या आकाशात जायचं तर विमानानं आपला ठावठिकाणा सतत प्रसारित करणारी यंत्रणा बसवायलाच हवी. रडारला आपोआप उत्तर देणाऱ्या ट्रान्सपॉन्डरची तपासणी दर २४ महिन्यांनी. हे सगळं बसवून झाल्यावर कित्येक मालकांच्या लक्षात येतं, की डॅशबोर्डची किंमत विमानाला मागे टाकून गेली. आणि एवढी काचेची पडदेवाली यंत्रं समोर असूनही उड्डाणाआधी पंखावर चढून टाकीत काठी बुडवून इंधन मोजण्याची पद्धत कायम आहे.

या कागदी जाचातून एक पळवाट हौशी लोकांनी काढली. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना काढली. तिचा मेळा १९७० पासून ऑशकॉशला भरतो. नियम असा, की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतः शिकण्यासाठी वा मौजेसाठी केलेलं हवं. मग यंत्रं कुठली लावायची याची त्याला बरीच मोकळीक. स्वस्त इलेक्ट्रॉनिक पडदे आधी या घरगुती विमानांत आले. मंजुरीवाल्या जुन्या विमानांत तसला पडदा लावायला वाट मिळाली ती २०१६ मध्ये.

आपल्याकडे अशी पळवाट अरुंद. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी चारकोपला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, फेब्रुवारी २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, आणि नोंदणी हाती आली २०१७ मध्ये. विमान गच्चीवर तयार झालं, अडकलं ते कागदावर.

सगळ्यात हट्टी गोष्ट राहिली ती इंधनाची. १७२ चं इंजिन आजही मॅग्नेटोवर, म्हणजे ठिणगीपुरती वीज स्वतःच बनवणाऱ्या यंत्रावर, चालतं. बॅटरी मेली तरी इंजिन थांबत नाही, ही त्याची खुबी. पण जास्त दाबाच्या इंजिनांना ठोके येऊ नयेत म्हणून विमानाच्या पेट्रोलमध्ये शिसं राहिलं. मोटारींच्या पेट्रोलमधून ते अमेरिकेत १९९६ ला आणि भारतात २००० ला गेलं. विमानांच्या १०० ऑक्टेनमध्ये अजून लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत असू शकतं. नावात मात्र ‘कमी शिशाचं’. २०२३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं या शिशाचा आरोग्याला धोका असल्याचं अधिकृतपणे जाहीर केलं. बिनशिशाच्या एका पेट्रोलला २०२२ मध्ये सर्व पिस्टन विमानांसाठी मंजुरी मिळालेली आहे. मात्र ते टाकीत घालण्याआधी मालकाला आपल्या विमानापुरतं परवानगीपत्र विकत घ्यावं लागतं, टाकीच्या झाकणाजवळची पट्टी बदलावी लागते, आणि मेकॅनिकच्या सहीनिशी त्याची नोंद वहीत करून घ्यावी लागते.