नागमोडी चर की उभा चर? साउंडबॉक्स फिरवण्याआधी तबकडी ओळखा

चावीच्या ग्रामोफोनवर जुनी तबकडी लावली, सुई चरात बसली, पण कर्ण्यातून नुसती खरखर. तबकडी झिजली असं वाटतं. पुष्कळदा ती फक्त दुसऱ्या जातीची असते. अशा वेळी सुई लगेच उचला, नाहीतर तबकडी खरोखरच झिजेल.

फरक आहे तो चरात. ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनरच्या पद्धतीच्या, म्हणजे व्हिक्टर, एचएमव्ही वगैरे कंपन्यांच्या तबकड्यांत चर नागमोडी असतो आणि सुई डावी-उजवीकडे हलते. एडिसनच्या डायमंड डिस्कमध्ये (1912 ते 1929) आणि पाथे या फ्रेंच कंपनीच्या जुन्या तबकड्यांत चराचा तळ खाली-वर होतो, हाच उभा चर. सुई चढ-उतार करत जाते. भिंगातून पाहिलं तर पहिल्या चराची वळणं दिसतात, दुसरा त्यामानाने सरळ वाटतो. एडिसनची तबकडी तर हातात घेताच कळते: जवळजवळ पाव इंच जाड आणि चांगलीच जड.

साउंडबॉक्स म्हणजे सुई धरणारी, आत कंपणारा पडदा असलेली गोल डबी. नागमोडी चरासाठी तिचा पडदा उभा, तोंड बाजूला. उभ्या चरासाठी तोच साउंडबॉक्स पाव फेरा फिरवून पडद्याचं तोंड चराच्या दिशेला आणायचं. अनेक जुन्या यंत्रांच्या हाताला, म्हणजे साउंडबॉक्स धरणाऱ्या दांड्याला, ही सोय आहे. ती नसेल तर जोर लावून काही वळवू नका. त्या जागचा धातू ठिसूळ झालेला असू शकतो.

पण साउंडबॉक्स फिरवून काम निम्मंच होतं. सुई बदलली नाही तर सगळं वाया. नागमोडी चराच्या नेहमीच्या लाखेच्या तबकडीत मुद्दाम खरखरीत भुकटी मिसळलेली असते. ती पोलादी सुईला घासून चराच्या आकाराची करते, म्हणून दर बाजूला नवी सुई हवी. इथे काटकसर केली की झिजलेल्या सुईच्या कडा चर खरवडून काढतात. उभ्या चराला मात्र पोलाद चालतच नाही: पाथेला गोल टोकाचा नीलम, एडिसनला हिरा. एडिसनच्या तबकडीवर पोलादी सुई टेकवणं म्हणजे तिचा नाश, यात मला तडजोड मान्य नाही. उलट बाजूनेही तेच: एडिसनचा जड, हिऱ्याचा साउंडबॉक्स लाखेच्या तबकडीवर ठेवला तर आवाज येत नाही आणि चर बिघडतो.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. साध्या ग्रामोफोनचा हात चरच ओढत नेतो. एडिसनच्या यंत्रात मात्र साउंडबॉक्स आत सरकवण्याचं काम यंत्रणा करते, कारण इंचाला 150 इतक्या बारीक चरांना तो भार पेलत नाही. म्हणून डायमंड डिस्क दुसऱ्या यंत्रावर लावायचीच असेल, तर हात आधी अगदी हलका फिरतो ना, ते बघा.

वेग (मिनिटाला फेरे): साधारण 78, एडिसन 80, पाथे बऱ्याचदा 90 च्या आसपास. तबकडीखाली कागदाचा कपटा अडकवून मिनिटाचे फेरे मोजा आणि वेगाचा स्क्रू फिरवा. पाथेच्या काही तबकड्या मधून बाहेर वाजतात, तेव्हा सुई लेबलाजवळ ठेवायची.

पुसतानाही गल्लत नको. लाखेला अल्कोहोल विरघळवतं, तिला ओलसर फडकं पुरे. डायमंड डिस्कला पाणी लावू नका. तिचा गाभा लाकडाच्या भुशाचा, ओल लागली की फुगतो.