जुन्या आउटबोर्डमधील चोक आणि प्रायमर: बिघाड शोधण्यापूर्वी ओळखायचा फरक

जॉन्सन आणि एव्हिनरूड या होडीच्या मागे बसवायच्या आउटबोर्ड मोटारी बनवणाऱ्या आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनने १९८० च्या दशकात आपल्या बहुतेक मॉडेलांवर चोकच्या जागी प्रायमर बसवला. थंड इंजिन सुरू होताना त्याला जादा पेट्रोल देणे हे दोन्हींचे काम. बाहेरून हा बदल सहज लक्षात येत नाही, कारण मोठ्या मोटारींवर दोन्ही बहुधा चावी आत दाबूनच चालतात आणि चावी दाबताच झाकणाखालून सोलेनॉइडचा (विजेच्या चुंबकाने दांडा किंवा झडप हलवणाऱ्या भागाचा) ‘टक्’ असा आवाज येतो. परिणामी प्रायमरची मोटार थंडीत सुरू होत नसली की माणूस कार्ब्युरेटरच्या तोंडाशी चोकची पट्टी शोधत बसतो, जी तिथे मुळात नसतेच. म्हणून पाना हातात घेण्याआधी झाकण काढून पाहावे. सोलेनॉइडमधून दांडा किंवा सळई निघून कार्ब्युरेटरच्या पट्टीला जोडलेली असेल, तर तो चोक. सोलेनॉइडला पेट्रोलच्या बारीक नळ्या जोडलेल्या असतील आणि त्याच्यावर छोटा लाल खटका असेल, तर तो प्रायमर.

चोक हवा अडवतो. पट्टी मिटली की फिरणाऱ्या इंजिनाचे शोषण जेटवर, म्हणजे कार्ब्युरेटरमधील पेट्रोलच्या बारीक छिद्रावर, वाढते आणि जास्त पेट्रोल ओढले जाते. इंजिन फिरत नसेल तर चोक कितीही दाबला तरी काही होत नाही. प्रायमर हवेला हातही लावत नाही. तो झडप उघडून, पेट्रोलच्या नळीवरचा रबरी बल्ब दाबून निर्माण केलेल्या दाबाच्या जोरावर, कार्ब्युरेटरला वळसा घालून इनटेकमध्ये (इंजिनात हवा जाण्याच्या मार्गात) पेट्रोल सोडतो, आणि हे इंजिन थांबलेले असतानाही घडते. चावी फार वेळ दाबून धरली की प्लग भिजतात ते यामुळेच, आणि बल्ब टणक होत नसेल तर सोलेनॉइड उत्तम असूनही थंड इंजिनाला पेट्रोल मिळत नाही.

चोकचे बिघाड डोळ्यांना दिसतात. खाऱ्या हवेने दांडा गंजून अडकतो, प्लॅस्टिकची कडी तुटते, किंवा अनेक कार्ब्युरेटर असलेल्या मोटारीत एकच पट्टी पूर्ण मिटत नाही. पट्ट्या हाताने पूर्ण मिटतात आणि पूर्ण उघडतात का, एवढे पाहिले तरी निम्मे काम होते. अर्धवट मिटलेली पट्टी मोटारीला धूर काढायला लावते आणि प्लग काळे व ओले करते.

प्रायमरचे बिघाड मात्र नळीच्या आत दडलेले असतात. आधी बल्ब टणक होईपर्यंत दाबावा, मग सोलेनॉइडकडून इनटेककडे जाणारी एक नळी सोडवून तिचे टोक भांड्यात धरावे आणि इंजिन न फिरवता सोलेनॉइडला वीज द्यावी. पेट्रोलची धार यायला हवी. आवाज येतो पण धार नाही, तर जाळी किंवा नळीचे बारीक तोंड तुंबले आहे. आवाजही नाही, तर तारा आणि कॉइल तपासावी. या चाचणीच्या वेळी जवळ ठिणगी नसावी, हे वेगळे सांगायला नको. लाल खटका हाताने पेट्रोल सोडण्यासाठी असतो. तो चुकून उघडा राहिला तर चालत्या मोटारीतही जादा पेट्रोल जात राहते आणि लोक विनाकारण कार्ब्युरेटर खोलतात.

खरी गंमत पुढच्या लक्षणात आहे. मोटार सुरू होते, लगेच बंद पडते, आणि चावी पुन्हा पुन्हा आत दाबली तरच चालू राहते, तेव्हा प्रायमर निर्दोष असतो. कार्ब्युरेटरला पेट्रोल मिळत नाही किंवा त्याचे जेट तुंबले आहेत, आणि प्रायमर त्या अडथळ्याला बाजूने टाळून मोटारीला जगवत आहे. चोकच्या मोटारीत हा आडमार्ग नाही, कारण चोक पेट्रोल त्याच तुंबलेल्या जेटमधून ओढतो, त्यामुळे जेट जास्त तुंबलेले असल्यास चोकने फार फरक पडत नाही.

उलट प्रकारही होतो. प्रायमरची झडप पूर्ण मिटत नसेल, तर गरम मोटार मंद गतीला धूर काढते आणि अडखळते. मोटार पाण्यात चालू ठेवून सोलेनॉइडकडे जाणारी पेट्रोलची नळी हलकेच चिमटावी. त्यासरशी इंजिन सुरळीत झाले तर गळती झडपेतच आहे. जुन्या रबराच्या नळ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने कडक होऊन तडकतात, तेव्हा चिमटण्यापूर्वी त्यांची स्थिती पाहावी आणि शंका आली तर आधी नळी बदलावी.