कोवळं ऊन इग्वानाच्या कामाचं नाही

सकाळी सातला पिंजरा गॅलरीत ठेवला की इग्वानाला, म्हणजे घरी पाळल्या जाणाऱ्या मोठ्या सरड्याला, ‘ड’ जीवनसत्त्व मिळालं, असा समज पक्का बसलाय. बाळाला कोवळ्या उन्हात धरायची आपली रीत तशीच इथे लावली जाते. त्या वेळी सूर्य क्षितिजाजवळ असतो, किरण ओझोनमधून तिरपे, लांबून येतात आणि नेमके हवे ते २९० ते ३१५ नॅनोमीटरचे यूव्हीबी (अतिनील) किरण वाटेतच गळतात. सोपा ठोकताळा असा: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच ऊन उपयोगाचं. कोल्हापुरात मे महिन्यात ते साडेनऊपासून मिळतं, डिसेंबरात मात्र साधारण सव्वाअकरा ते पावणेदोन. काचेच्या खिडकीतून तर कधीच नाही, कारण काच यूव्हीबी अडवते. उन्हात ठेवलेली काचेची पेटी तर भट्टीच होते. जाळीचा पिंजरा आणि अर्ध्या भागात सावली हवीच.

आता कातडीत काय घडतं ते पाहू. तिथल्या ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल या कोलेस्टेरॉलसारख्या रेणूवर यूव्हीबी पडला की त्याच्या चार कड्यांपैकी एक उघडते आणि पूर्व-डी३, म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्वाचं (डी३चं) कच्चं रूप, तयार होतं. एवढं काम प्रकाशाचं. पूर्व-डी३चं डी३ व्हायला मात्र उष्णता लागते. सरड्याच्या जातीला स्वतःची ऊब नसते, मग हे जमतं कसं? १९९५च्या एका संशोधनात असं दिसलं की २५ अंशाला नुसत्या द्रावकात निम्मं रूपांतर व्हायला ७२ तास लागतात, इग्वानाच्या कातडीत फक्त ८. पेशीपटल रेणूला अशा वाकड्या आकारात धरून ठेवतं की पुढची पायरी सोपी होते! आणि ऊन जास्त झालं तर पूर्व-डी३ ल्युमिस्टेरॉल, टॅकिस्टेरॉल अशा निरुपद्रवी रेणूंत वळतं, म्हणून उन्हातून डी३ अति होत नाही. डी३च्या पावडरीतून होऊ शकतं, आणि मग किडनीत, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं. पुढे यकृत आणि मूत्रपिंड डी३वर एकेक हायड्रॉक्सिल गट चढवतात, तेव्हा कुठे आतडं कॅल्शियम नीट शोषू लागतं.

ही साखळी तुटली की पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात ओतते. जबडा रबरासारखा मऊ पडतो, बोटं थरथरतात, मांड्या फुगतात. हाडाच्या जागी तंतू भरत असतात आणि मालक म्हणतो, गडी बाळसं धरतोय. अशा वेळी पावडरीचे प्रयोग न करता सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य गाठावा.

जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेलं असतं, तेव्हा यूव्हीबीची टी५ ट्यूब लागते. ती बसायच्या फांदीच्या वर साधारण ३० सेंटीमीटरवर, मध्ये काच किंवा प्लास्टिक न ठेवता, रोज १० ते १२ तास चालवायची. ट्यूब पेटलेली दिसते, पण वर्षभरात तिचा यूव्हीबी बराच उतरतो. म्हणून बदलायची तारीख ट्यूबवरच लिहून ठेवा. फांदीवरची उन्हाची जागा ३५ अंशाच्या आसपास, बाकी पिंजरा २७ ते ३० अंश. हिवाळ्याच्या रात्री थर्मोस्टॅटला जोडलेला, उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा. दगडी हीटर नको, पोट भाजतं.

खाणं निव्वळ पाल्याचं. अंडं, मटण, तांबडा रस्सा यांपैकी काही नाही. कपिलतीर्थ मंडईत मिळणारा शेवग्याचा पाला, मेथी, जोडीला दारची जास्वंदीची पानं-फुलं आणि थोडा लाल भोपळा. पालक, चुका, राजगिरा रोज नको, त्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. वर चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट. काहीजण पानाचा चुना सुचवतात, तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड आहे, तोंड पोळेल. नाकाशी पांढरा थर दिसला तर सर्दीचा अर्क पाजू नका, इग्वाना जादा क्षार शिंकून टाकतो.

इग्वाना म्हणजे घोरपडही नव्हे. घोरपड आपल्याकडे कायद्याने संरक्षित आहे, आणि तिच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय ‘हत्थाजोडी’ म्हणून, जणू झाडाची मुळी आहे असं भासवून विकणारे भोंदू अजून संपलेले नाहीत. इग्वाना अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातला, पण साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. त्यामुळे २०२४च्या नियमांप्रमाणे परिवेश या सरकारी पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. शेपटीसकट दीड मीटर वाढणाऱ्या या प्राण्याला दोन मीटर उंच पिंजरा लागतो. विकणारा मात्र वीतभर पिल्लू दाखवून ‘एवढाच राहतो’ म्हणत असतो.