धुतलेले हात पुसायचे कशाला?

हात धुवा, हे आपण सारखं ऐकतो. पण धुतलेले हात कशाला पुसायचे, हे सहसा कुणी सांगत नाही. टॉवेलांसाठी नावाजलेल्या सोलापुरात तरी यावर बोलायलाच हवं.

कुठल्याही वॉर्डात पेशंटच्या खाटेला एक टॉवेल अडकवलेला असतो. पेशंटचं तोंड त्यालाच पुसायचं, जेवल्यावर हात त्यालाच, आणि लघवीची पिशवी रिकामी करून आलेले हातही त्यालाच. आपल्याकडे पेशंटची निम्मी शुश्रूषा नातेवाईकच करतात. त्यामुळे डॉक्टर-सिस्टर यांच्याइतकेच या सोबतच्या माणसांचे हातही महत्त्वाचे, असं मला ठामपणे वाटतं.

कोरड्या हातांपेक्षा ओल्या हातांवरून जंतू कितीतरी सहज दुसरीकडे जातात. म्हणजे हात कोरडे होईपर्यंत धुण्याचं काम अपुरंच. टर्किश टॉवेलवर सुताचे बारीक फासे असतात. त्यांनी पृष्ठभाग वाढतो आणि पाणी पटकन शोषलं जातं. पण तीच ओल फाशांत टिकून राहते. त्वचेवर आणि नाकात आढळणारा स्टॅफिलोकोकस ऑरिअस हा जिवाणू तर कापडावर कित्येक दिवस तग धरू शकतो. जखमेतून किंवा सलाईनच्या सुईच्या जागेतून तो शरीरात शिरला, तर गंभीर आजार होऊ शकतो. म्हणूनच रुग्णालयात एकदा वापरून टाकायचा कागदी रुमाल बरा. नळही त्याच कागदाने बंद करावा.

सोलापूरकरांना नळाच्या पाण्याची वाट पाहण्याची सवयच झाली आहे. अशा ठिकाणी सॅनिटायझर मोलाचा, कारण त्याला पाणी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने साबणाने हात धुवून कोरडे करायला ४० ते ६० सेकंद लागतात, सॅनिटायझरला २० ते ३०. त्यात साधारण ६० ते ८० टक्के अल्कोहोल असावं. शुद्ध अल्कोहोल उलट कमी पडतं, कारण जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतंच. मात्र हात आधीच ओले असतील तर द्रावण पातळ होतं. चोळल्यावर ते पुसूही नये, आपोआप वाळू द्यावं.

हात मळलेले दिसत असतील किंवा पेशंटला जुलाब होत असतील, तर साबण-पाणीच हवं. कारण जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली त्याची सुप्त रूपं, अल्कोहोलने मरत नाहीत. ते चोळून, वाहत्या पाण्याने घालवावे लागतात.

कागदी रुमाल नसेल तिथे पेशंटचा नॅपकिन वेगळा आणि सोबतच्या माणसाचा वेगळा ठेवावा. दोन्ही रोज साबणाने धुवून उन्हात कडक वाळवावेत. ओलसर राहिलेला पुन्हा वापरू नये.