सिरप निर्यातीचं, लॅब कुणाची?

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात भारतात बनलेलं सिरप घेतलेल्या मुलांच्या मृत्यूची बातमी आली, तेव्हा आपल्या आरोग्य मंत्रालयाच्या निवेदनातला एक मुद्दा मला तेव्हाही खटकला आणि आजही खटकतो. मुद्दा असा, की आयात करणारा देश आलेल्या मालाची क्वालिटी तपासून घेतो, ही नेहमीची पद्धत आहे. आता गांबियाची लोकसंख्या साधारण नागपूर शहराएवढी, आणि औषध तपासायची स्वतःची लॅबच त्यांच्याकडे नव्हती. सिरपची सॅम्पल्स शेवटी घाना आणि स्वित्झर्लंडमध्ये तपासली गेली. मग ही 'नेहमीची पद्धत' नक्की कुणासाठी?

जवळपास ७० मुलं गेली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. साधा ताप-खोकला, म्हणून सिरप दिलं, मग उलट्या, पोटदुखी, आणि पोराची लघवीच बंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासणीत हरियाणातल्या एका कंपनीच्या चार सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल आणि एथिलीन ग्लायकॉल ही विषारी रसायनं सापडली. आपल्या सरकारचं म्हणणं, आम्ही तपासलेले नमुने ठीक होते. तो वाद आहेच. पण ती चारही सिरप फक्त निर्यातीसाठी होती, भारतात विकलीच जात नव्हती, हे सरकारनेच सांगितलं होतं.

आता हे विष औषधात येतं कुठून, ते बघू. पॅरासिटामॉल पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून सिरपमध्ये प्रोपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन घालतात, दोन्ही औषधी ग्रेडची असली तर सुरक्षित. डायएथिलीन ग्लायकॉल हे ब्रेक फ्लुइड वगैरेत वापरतात ते इंडस्ट्रियल केमिकल, आणि ते पण तसंच घट्टसर, रंगहीन, चवीला गोड. डोळ्याने, वासाने, चवीने काहीच कळत नाही. पोटात गेल्यावर लिव्हरमध्ये त्याचं डायग्लायकोलिक ॲसिड होतं आणि ते किडनीच्या नलिकांमधल्या पेशींत साठून त्या पेशी मारतं. लहान मुलाला थोडंसंही पुरतं.

म्हणजे सगळा खेळ प्रोपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीनच्या ड्रमपाशी आहे. फॅक्टरीच्या गेटवर ड्रम येतो, सोबत सप्लायरचं ॲनालिसिस सर्टिफिकेट असतं, आणि हा माल मधल्या दोन-तीन व्यापाऱ्यांच्या हातून, लेबलं बदलत आलेला असू शकतो. इंडोनेशियात त्याच वर्षी असंच झालं, तिथे २०० च्या आसपास मुलं दगावली. प्रत्येक ड्रममधून थोडा नमुना काढून क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखायची टेस्ट) करायची आणि हे विष ०.१ टक्क्याच्या आत आहे ना ते बघायचं, बस एवढंच. टेस्ट काही नवीन नाही, फार महागडीही नाही. तीच टेस्ट, माल बाटल्यांत भरून, बोटीने जाऊन, तिकडच्या खेड्यातल्या दुकानात पोचल्यावर कोण करणार हो?

आणि आपल्याला हे माहीत नव्हतं असंही नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये असल्याच भेसळीच्या ग्लिसरीनने १४ पेशंट दगावले होते, त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, एफडीएची लक्तरं निघाली. त्यामुळे माझ्या मते जबाबदारी आधी ड्रम उघडणाऱ्याची, मग त्याला लायसन्स देणाऱ्या सरकारची. घेणारा देश गरीब असेल तर जास्तच, कारण त्याच्याकडे दुसरी चाळणी नाही.

१ जून २०२३ पासून निर्यातीच्या कफ सिरपला सरकारी किंवा मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्ट सक्तीचा झाला, हे बरंच झालं. पण तपासणी तयार मालाची, आणि सक्ती फक्त बाहेर जाणाऱ्या मालाला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात कफ सिरप घेऊन मुलं गेली, त्यातल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं, आणि तमिळनाडूत बनलेल्या त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं ४८.६ टक्के. ते निर्यातीचं नव्हतं, त्यामुळे त्याला तो रिपोर्टही लागत नव्हता.