फॅमिली शेअरिंग म्हणजे एक आयपॅड सगळ्या घराने वापरणं नव्हे!

वर्षातून दोनदा माझ्याकडे या फोनांचा सीझन असतो, एकदा पोरांच्या परीक्षा संपल्यावर आणि एकदा दिवाळीच्या ऑफर लागल्यावर. कधी सिंहगड रोडवरून मावसबहिणीचा, कधी ऑफिसातल्या कोणाचा, कधी तर आईच्या भिशीतल्या काकूंचा. प्रश्न एकच. "पोरासाठी टॅब घ्यायचाय, आयपॅड घेऊ का सॅमसंग? आणि हो, आम्हीपण वापरू अधूनमधून, एकच घेतला की सगळ्यांना होईल." पहिला प्रश्न ठीक आहे हो, पण ते "सगळ्यांना होईल" आलं की मी कपाळाला हात लावते. कारण खरा निर्णय तिथेच असतो, आणि त्यावर कोणी एक अक्षर बोलत नाही, सगळे स्क्रीन किती इंचाची आणि कॅमेरा किती मेगापिक्सेलचा यावरच अर्धा तास घालवतात.

तर स्क्रीन, कॅमेरा, प्रोसेसर हे एका दमात उरकते. चौथीतल्या मुलाला बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ बघायला, ऑनलाइन क्लास करायला आणि गपचूप गेम खेळायला दोन्ही पुरतात. टॅबच्या कॅमेऱ्याने फोटो काढणाऱ्या माणसांशी मी वाद घालत नाही. पैशाचं म्हणाल तर साधा आयपॅड, म्हणजे मार्च २०२५ मध्ये आलेला ए१६ चिपवाला, १२८ जीबीचा ३४,९०० ला जाहीर झाला होता, आणि अँड्रॉइडमध्ये वीस-पंचवीस हजारात बरा टॅब येतो. अँड्रॉइडच्या बऱ्याच टॅबमध्ये मेमरी कार्ड टाकता येतं, आयपॅडमध्ये येत नाही. पेन हवं असेल तर ॲपलची यूएसबी-सी वाली पेन्सिल ७,९०० ला वेगळी, आणि तीही दाब ओळखत नाही, म्हणजे जोरात दाबलं तर रेघ जाड होत नाही. सॅमसंगच्या एस६ लाइटसारख्या टॅबना पेन डब्यातच मिळतं. झालं. यावर निर्णय घेऊ नका.

आता मुद्द्याचं.

आयपॅड हा एका माणसाचा आहे. एका माणसाचा म्हणजे अगदी दात घासायच्या ब्रशसारखा. त्याच्यात एकावेळी एकच ॲपल अकाउंट असतं, एकच फोटोंचा ढीग, एकच मेसेजेस, एकच ब्राउझरची हिस्टरी. लॉकस्क्रीनवर "आई", "बाबा", "बंड्या" असे तीन गोल येतील आणि ज्याने त्याने आपापल्यावर टॅप करायचं, अशी सोय घरी घेतलेल्या आयपॅडमध्ये नाही. २०१० साली पहिला आला तेव्हाही नव्हती आणि इतक्या वर्षांनी आजही नाही.

अँड्रॉइड टॅबमध्ये ही सोय २०१२ पासून, म्हणजे ४.२ व्हर्जनपासून आहे. तिथे टॅब म्हणजे घरातलं कपाट, एकच, पण प्रत्येकाला वेगळा खण आणि खणाची वेगळी किल्ली. आईचा युजर वेगळा, मुलाचा वेगळा, प्रत्येकाचं गूगल अकाउंट, फोटो, वॉलपेपर, ॲप सगळं वेगळं. वरून पट्टी खाली ओढायची, युजरच्या चित्रावर टॅप करायचं, बदलला. दोघांनी एकच ॲप टाकलं तर ॲप एकदाच साठवलं जातं, फक्त आतला डेटा ज्याचा त्याचा वेगळा.

इथे मला हमखास उत्तर मिळतं, "अगं पण ॲपलमध्ये फॅमिली शेअरिंग असतं ना!" असतं. २०१४ पासून आहे. आणि त्या नावानेच घात केलाय. फॅमिली शेअरिंग म्हणजे सहा जणांपर्यंत माणसं, प्रत्येकाचं अकाउंट वेगळं, प्रत्येकाचं डिव्हाइस वेगळं, आणि त्यांच्यात विकत घेतलेली ॲप्स, सबस्क्रिप्शन, आयक्लाउडची, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठवणीची जागा वगैरे वाटून घेणं. एक आयपॅड सहा जणांत वाटणं नव्हे, सहा आयपॅडवाल्यांनी एक बिल वाटणं! दुकानात "हो हो, फॅमिली शेअरिंग आहे यात" असं जेव्हा सांगतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात, फक्त तुम्ही जे विचारलंत त्याचं ते उत्तर नसतं.

दुसरं उत्तर याहून चलाख असतं. "माझ्या पुतण्याच्या शाळेत एकाच आयपॅडवर वेगवेगळी मुलं लॉगिन करतात, मी डोळ्यांनी पाहिलंय." बरोबर पाहिलंय. त्याला शेअर्ड आयपॅड म्हणतात, शाळांसाठी २०१६ मध्ये आलं, पण ते शाळा किंवा कंपनी जे आयपॅड स्वतःच्या सिस्टीममधून मॅनेज करते त्यांच्यासाठी आहे, अकाउंटंही संस्थेने काढून दिलेली. तुम्ही कोरेगाव पार्कातल्या नव्या ॲपल स्टोअरमधून रोख मोजून घेतलात तरी सेटिंग्जमध्ये ते सापडणार नाही.

बरं, नसलं वेगळं युजर तर काय बिघडलं, असंही विचारतात. मावसबहिणीच्या घरचं सांगते. जिजूंकडे आयफोन, म्हणून त्यांनी नवा आयपॅड स्वतःच्याच अकाउंटने चालू केला आणि तसाच चिरंजीवांच्या हातात दिला. पहिल्या आठवड्यात काय, तर जिजूंना येणारे कॉल घरच्या वायफायवर आयपॅडवर पण वाजायला लागले, आणि एकदा चिरंजीवांनी क्लासच्या मधेच साहेबांचा कॉल उचलून "बाबा अंघोळीला गेलेत" असं कळवलं. इथवर सगळ्यांनी हसून सोडलं. मग एका मंगळवारी सकाळी जिजूंचा मला फोन, आवाज बसलेला, दिवेआगरच्या ट्रिपचे सगळे फोटो मोबाइलमधून गेलेत. मी विचारलं आयपॅड कोणाकडे आहे. शांतता. झालं असं होतं की गेमला जागा कमी पडली, आयपॅडने स्टोरेज भरलं म्हणून सांगितलं, आणि पोराने शहाण्यासारखं फोटोत जाऊन बोट सरकवत सरकवत दोनेकशे फोटो सिलेक्ट केले आणि उडवले. त्याच्या लेखी ते "आयपॅडमधले" फोटो होते. पण अकाउंट एक, आयक्लाउड फोटोज चालू, म्हणजे फोटोंचा ढीगही एकच, इथून उडवला की तिथूनही उडाला. रिसेंटली डिलीटेडमध्ये तीसेक दिवस राहतात म्हणून वाचलो, चहा उकळेपर्यंत परत आले सगळे. आयपॅडने काही चूक केली नव्हती, जे सांगितलं ते चोख केलं. चूक ही की बापाच्या ब्रशने पोराने दात घासले.

आता कोणी म्हणेल यूट्यूबमध्ये आतल्या आत अकाउंट बदलता येतं की. येतं. आजी ते बदलणार आहेत का? दुपारी कीर्तन लावायला बसल्या की समोर माइनक्राफ्ट ओरडणारा माणूस, आणि संध्याकाळी पोराला सुचवण्यात हरिपाठ. (हे दुसरं वाईट नाही म्हणा.)

पण म्हणून अँड्रॉइड घेतला की सुटलो असंही नाही, कारण तिथे वेगळा गोंधळ, लोक तीन निरनिराळ्या गोष्टींना "किड्स मोड" म्हणतात. वेगळा युजर ही एक गोष्ट. सॅमसंग किड्ससारखं रंगीत अंगण ही दुसरी, ते तुमच्याच युजरच्या आत उघडतं, बाहेर पडायला पिन लागतो, पाच वर्षांच्या मुलाला छान, दहा वर्षांच्याला ते बाळबोध वाटतं आणि तो तसं सांगतो. आणि तिसरी, एकाच ॲपमध्ये कोंडून ठेवणं. अँड्रॉइडवर त्याला ॲप पिन करणं म्हणतात आणि आयपॅडवर गायडेड ॲक्सेस, आणि खरं सांगायचं तर यात आयपॅड सरस आहे, बटण तीनदा दाबायचं की मूल त्या ॲपबाहेर जाऊ शकत नाही, स्क्रीनचा एखादा कोपरासुद्धा बंद करता येतो, वेळ लावता येते. हॉटेलात वडा सांबार येईपर्यंतची वीस मिनिटं काढायला उत्तम. पण ते कोंडणं झालं, वेगळा खण नाही.

आणि किल्लीचं विसरू नका! मी स्वतः खाल्लेली माती आहे ही. घरच्या टॅबवर मुलीचा वेगळा युजर काढला, तिचं लहान मुलांचं अकाउंट टाकलं, फॅमिली लिंकमध्ये, म्हणजे गूगलच्या मुलांवर लक्ष ठेवायच्या ॲपमध्ये, रोजचा एक तास लावला, स्वतःवर खूश झाले. माझ्या युजरला मात्र पिन ठेवला नाही, कारण रोज कोण टाकत बसणार. तिसऱ्या दिवशी कन्या एक तास संपला की वरून पट्टी ओढून निवांत माझ्या युजरमध्ये जाऊन बसलेली. विचारलं तर म्हणे, "तुझा टाइम शिल्लक होता ना." खणाला कुलूप लावलं पण शेजारचा खण सताड उघडा, तर काय उपयोग.

अजून एक, सगळ्याच अँड्रॉइड टॅबमध्ये युजरची सोय असतेच असं नाही, काही कंपन्या ती काढून टाकतात किंवा दडवतात. टिळक रोडच्या एका दुकानात विक्रेता छातीठोकपणे म्हणाला, "मॅडम, अँड्रॉइड म्हटलं की असतंच." मी डिस्प्लेवरचा टॅब उचलला, सेटिंग्ज उघडून वरच्या सर्चमध्ये इंग्रजीत युजर टाइप केलं. काही आलं नाही. त्याने स्पेलिंग तपासलं, परत टाइप केलं, मग टॅब पुसून जागेवर ठेवला आणि मला कव्हर दाखवायला लागला. तेव्हा ही तीस सेकंदांची तपासणी बिल करायच्या आधी करा. सॅमसंगच्या टॅबमध्ये ते अकाउंट्स अँड बॅकअपखाली सापडतं. आणि तीन-चार युजर ठेवणार असाल तर ६४ जीबी आणि ४ जीबी रॅमवाला स्वस्तातला टॅब घेऊन मग "हँग होतो गं" म्हणून मला फोन करू नका, प्रत्येक युजरचा पसारा वेगळा साठतो.

मुलावर लक्ष ठेवायची सोय दोन्हीकडे आहे, आयपॅडवर स्क्रीन टाइम, अँड्रॉइडवर फॅमिली लिंक, किती वेळ, कुठली ॲप्स, झोपायच्या वेळी बंद, सगळं साधारण सारखंच. फरक तुमच्या खिशातल्या फोनचा. फॅमिली लिंक आईबापांच्या अँड्रॉइडवरही चालतं आणि आयफोनवरही. स्क्रीन टाइम दुरून चालवायचं तर तुमच्याकडे ॲपलचंच काहीतरी पाहिजे, नाहीतर ऑफिसात बसून काही करता येत नाही, घरी येऊन आयपॅड हातात घेऊन पासकोड टाकून करायचं. दोघांकडे अँड्रॉइड फोन आणि मुलाला आयपॅड, असं हिंजवडीच्या बसमध्ये बसलेल्या आईने कसं सांभाळायचं?

तर माझं मत विचाराल तर, घरात एकच टॅब, तीन पिढ्या वापरणार, फोन अँड्रॉइड, तर अँड्रॉइड टॅब, युजरची सोय तपासून, डोळे मिटून. घरात आयफोन, मूल दहा-अकराच्या पुढचं, आणि टॅब खरोखर त्याचा एकट्याचा असणार, तर मी आयपॅड घेईन, कारण टिकतो. २०१९ च्या साध्या आयपॅडला २०२४ चं आयपॅडओएस १८, म्हणजे आयपॅडच्या सिस्टीमचं नवं व्हर्जन मिळालं, वीस हजारातल्या अँड्रॉइडकडून मी ही अपेक्षा ठेवत नाही. पण मग त्यावर मुलाचं स्वतःचं अकाउंट, खऱ्या जन्मतारखेचं. ती २००० साल टाकून मोकळं व्हायची जी पद्धत आहे ना, तिच्यामुळे तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी असलेली सगळी राखण पहिल्याच पायरीवर गळून पडते आणि मग आपणच विचारतो की हे असलं व्हिडिओत कसं काय आलं. आणि "आम्हीपण वापरू अधूनमधून" हे त्या दिवसापासून बंद. तुम्हाला हवा असेल तर तुमचा वेगळा घ्या.

जिजूंनी शेवटी तेच केलं. एका गुरुवारी लाइट गेलेली, घरी बसून होते, आयपॅडमधलं सगळं उडवून तो पहिल्यापासून लावला, चिरंजीवांचं स्वतःचं अकाउंट उघडलं, फॅमिली शेअरिंगमध्ये घेतलं, म्हणजे ते जिथे वापरायचं असतं तिथे वापरलं एकदाचं. आता वेळ संपली की पोरगं आयपॅडवरून अर्ज पाठवतं आणि जिजूंच्या मोबाइलवर मीटिंगमध्ये येतो, अजून वेळ हवी. पंधरा मिनिटं, एक तास, का दिवसभर, असे पर्याय असतात. मावसबहीण म्हणते ते न बघता दिवसभर दाबतात.